हरिभाऊंची आठवड्याची लेखणी

हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील पाल्हाळाचे मूळ त्यांच्या लेखनपद्धतीतच आहे. १८९० साली निघालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात त्या प्रकरणाप्रकरणाने छापल्या जात. वाचक पुढील अंकाची वाट पाही. पण 'म्हैसूरचा वाघ' अपुरीच राहिली. हरिभाऊंची आवड मात्र केवळ शिवकालात गुंतलेली नव्हती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हांस विजयनगरवरील 'वज्राघात' म्हणूनच अधिक जवळची वाटते. १५६५ च्या लढाईइतकेच तीत महत्त्व आहे ते रामराजाने टाकलेल्या मेहेरजानच्या दुःखाला. 'पण लक्षांत कोण घेतो?' मधील यमूसाठी कळवळणारे मन इतिहासात शिरतानाही हरिभाऊंनी बाहेर ठेवले नाही. त्या मनासाठी आम्ही त्यांचा पाल्हाळही आनंदाने सोसतो.