भारुडाच्या मुलखातून बालगंधर्व

मंडळी, आजचा विषय बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८, मृत्यू १९६७. त्यांचं चरित्र आपल्यापैकी बहुतेकांना २०११ सालच्या चित्रपटामुळे माहीत आहे. लोकमान्यांनी दिलेलं नाव, मुलगी गेली त्याच दिवशी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, शालू-अत्तरं, कर्ज, गोहरबाई. हे प्रसंग इतक्या वेळा सांगून झालेत की त्यांच्या गर्दीत नट हरवतो. आपण आज नटाबद्दल बोलू. आणि ते बीड जिल्ह्यात बसून बोलू, कारण इथून बघितलं की काही गोष्टी वेगळ्या दिसतात असं आम्हाला वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे बालगंधर्व पोचले ते आवाज म्हणून. नाटक कंपनीचा सरंजाम मोठा असायचा. पडदे, कपडेपट, ऑर्गन, वादक, आचारी, सगळं लटांबर रेल्वेने हलायचं. बीड शहरात रेल्वे आली २०२५ च्या १७ सप्टेंबरला! वर आपण निजामाच्या राज्यात, दरबारची भाषा उर्दू. तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांपैकी फार थोड्यांनी त्यांना रंगमंचावर पाहिलं असेल. बाकीच्यांच्या वाट्याला आली ती तबकडी. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत पसरत जाणारं पद त्यात कोंबायचं, म्हणजे पदाच्या आधीचं वाक्य गेलं, समोरचं पात्र गेलं, ती अडचण गेली जिच्यामुळे ते पात्र गायला लागलं. राहिला तो राग आणि गळा.

आणि आज आपल्या स्पर्धांमधून पोरं-पोरी नाट्यगीत म्हणतात ते त्या तबकडीवरून. गळे चांगले असतात, तयारी असते. पण परीक्षक म्हणून बसलं की एक प्रश्न विचारावासा वाटतो: बाळा, हे पद कोण कोणाला म्हणतंय? दहातल्या आठ-नऊ जणांना सांगता येत नाही.

आता ‘स्वयंवर’ घ्या. खाडिलकरांचं नाटक, १९१६ सालचं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. रुक्मिणी कृष्णाचं गुणगान गाते हे आपण मैफलीत भक्तिगीतासारखं ऐकतो. नाटकात मात्र तिचा भाऊ रुक्मी तिचं लग्न शिशुपालाशी लावायला निघालाय. त्या घरात कृष्णाचं नाव घेणं हीच बंडखोरी आहे. हे डोक्यात ठेवून बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐका. ते शब्द कुठेही तोडत नाहीत. तान घेतली तरी वाक्य पुरं करूनच. एखाद्या शब्दाशी ते परत परत येतात, आणि दर वेळी तो शब्द थोडा वेगळ्या सुरात विचारल्यासारखा, मनवल्यासारखा, हट्ट केल्यासारखा येतो. साथीला अहमदजान थिरकवाँ, कादरबक्ष असे लोक. इतकं तालेवार संगीत हाताशी असताना माणूस बोलण्याची लय सोडत नाही, हे नटाचं काम आहे.

ही लय आपल्या कानाला परकी नाही. गावोगावच्या सप्ताहात आपण ती ऐकतोच. चांगला कीर्तनकार अभंगाचं एक चरण घेतो, मध्येच थांबून तुमच्याशी बोलतो, बोलता बोलता पुन्हा सुरात शिरतो, आणि कुठे बोलणं संपलं नि कुठे गाणं लागलं ते कळत नाही. बालगंधर्वांच्या पदगायनाचं मर्म पुण्या-मुंबईच्या समीक्षेने ख्याल-ठुमरीत शोधलं. चूक नाही ते. गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’च्या चाली करताना पूरब ढंगाचं गाणं आणलंच होतं. पण आमचं म्हणणं असं की ज्याने कीर्तन ऐकलंय त्याला बालगंधर्व लवकर कळतात. ‘कान्होपात्रा’ हे १९३१ सालचं नाटक आणि उतारवयातली त्यांची भजनं याला साक्ष आहेत. शरीर साथ देत नव्हतं, पायांतलं बळ गेलं होतं, आणि तरी भजनात तो माणूस शब्द टाकायचा तो समोरच्याला उद्देशून.

इथपर्यंत कौतुक. आता जरा अवघड भाग.

कीर्तनाच्या शेजारीच आपल्याकडे भारुड आहे. नाथांचं. पैठण काही लांब नाही, आपल्या गेवराईच्या उत्तरेला गोदावरी ओलांडली की आलंच. भारुडात मिशावाला गडी लुगडं नेसतो, कपाळभर कुंकू लावतो आणि जोगवा मागतो, सासूच्या नावाने बोटं मोडतो. म्हणजे पुरुषाने बाईचं सोंग घेणं हे आपल्याला नवं नाही, त्यात लाज नाही. पण एक फरक बघा. भारुडातलं सोंग लपवत नाही. गडी गडीच दिसतो, लोक हसतात, आणि त्या हसण्याच्या आडून बाईची कुरकुर, तिचा सासुरवास, तिचं चिडणं बाहेर येतं. बालगंधर्वांची स्त्री चिडत नाही हो. ती रुसते. तिचं रुसणंसुद्धा देखणं. तिच्या चालण्याची, केशभूषेची, नेसण्याची नक्कल घरंदाज बायका करायच्या असं सांगतात, आणि ते अभिमानाने सांगतात. बाईने कसं असावं हे एका पुरुषाने दाखवायचं आणि बायकांनी ते गिरवायचं! या गोष्टीकडे आपण कौतुकाने बघतो, थोडं दचकून बघायला हवं.

‘एकच प्याला’तली सिंधू हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व मंडळीने नाटक उभं केलं. पदं वि. सी. गुर्जरांची. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. दारूने धुळीला मिळालेलं घर, आणि सिंधू तान्ह्या बाळाला घास भरवताना गाते. ते पद ऐकून थिएटर रडायचं. आम्हीही ध्वनिमुद्रणावर ऐकून गलबललो आहोत, खोटं कशाला बोला. पण सिंधूचं सोसणं जितकं सुरेल होत जातं तितकं ते आपल्याला हवंहवंसं वाटायला लागतं. रडू आलं म्हणून वन्समोअर मागायचा, म्हणजे तिला पुन्हा एकदा सोसायला लावायचं. गडकऱ्यांच्या गद्यात जी धार आहे ती पदांच्या गोडव्यात बोथट होते, असं आमचं मत आहे. आणि वन्समोअर कधी नाकारायचा हे नटाच्या हातात असतं. बालगंधर्वांनी तो सहसा नाकारला नाही. रसिक म्हणजे मायबाप, ही त्यांची श्रद्धा होती. या श्रद्धेने प्रयोग पहाटेपर्यंत लांबले आणि नाटकाचा बांधा खिळखिळा झाला.

याच्या शेजारी एक आपल्या जिल्ह्यातली गोष्ट ठेवतो. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. दळणाऱ्या बायका बाबासाहेबांवर ओव्या म्हणतात. ऐका कधी. त्या आवाजात कष्ट आहेत, दु:खही आहे, पण कोणी कीव करावी अशी मागणी नाही. सिंधूही नवऱ्याच्या दारूपायी दळणकांडण करायची वेळ आलेली बाई. दोघींच्या आवाजातलं अंतर मोजलं की एका महान नटाने काय साधलं आणि त्याच्या हाताबाहेर काय राहिलं, दोन्ही दिसतं.

नाथांचा उल्लेख आला म्हणून ‘धर्मात्मा’बद्दल. १९३५, प्रभात, दिग्दर्शक शांताराम. मूळ नाव ‘महात्मा’, सेन्सॉरने हरकत घेतली म्हणून बदललं. त्यात बालगंधर्व एकनाथ झाले, पुरुषवेषात. गंमत बघा: ज्या संताने सासुरवाशिणीच्या, जोगतिणीच्या तोंडून भारुडं लिहिली, त्याची भूमिका जन्मभर स्त्री रंगवलेल्या नटाकडे आली. योग किती जुळून आला होता! पण प्रेक्षकांना त्यांच्या लाडक्या भामिनीला दाढी-उपरण्यात बघवेना. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा साडीत आले. लोकांचं प्रेम नटावर होतं की त्याच्या एका रूपावर, याचं उत्तर इथे मिळतं, आणि ते लोकांना फारसं शोभणारं नाही.

तीच गोष्ट गोहरबाईंची. गोहर कर्नाटकी १९३८ मध्ये कंपनीत आल्या, स्त्री-भूमिका करू लागल्या, पुढे दोघांनी लग्न केलं. मराठी रसिकाने त्यांना काय काय म्हटलं ते इथे उच्चारण्यासारखं नाही. कंपनी त्यांच्यामुळे बुडाली असंही बिनदिक्कत सांगितलं जातं. अहो, कर्जाचा डोंगर त्यांच्या येण्याच्या किती आधीचा! ‘द्रौपदी’चा थाटमाट १९२० सालचा आहे. पुरुष बाई झाला तेव्हा शालू भेट आले, आणि बाई बाईच्या भूमिकेत उभी राहिली तेव्हा तिची जात, धर्म, घराणं निघालं. आपल्याकडे फडावरच्या कलावंतिणीला लोक रात्री दाद देतात आणि सकाळी ओळख देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. फक्त जरा उंची अत्तर लावलेला.

गोहरबाईंच्या तबकड्या आज उपलब्ध आहेत. ज्यांना नाट्यपद शिकायचंय त्यांनी बालगंधर्वांच्या शेजारी त्या ठेवून ऐकाव्यात. ढंग तोच, शब्द टाकण्याची रीत तीच, पट्टी नि पोत तेवढा वेगळा. आमच्या स्पर्धेत पुढच्या खेपेला पद म्हणण्याआधी एक मिनिट द्यावं, मुलांनी आधीचा संवाद म्हणावा आणि मग सुरात शिरावं, अशी सूचना आम्ही करणार आहोत. पेटी वाजवणाऱ्याला वाट बघावी लागेल, पण ते चालेल.