पोस्टकार्डाच्या अलीकडचे

टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असे वाचून सुधा मूर्तींनी १९७४ मध्ये जेआरडींना धाडलेले पोस्टकार्ड मराठी वाचकाला पाठ आहे. बोलावणे आले, नोकरी मिळाली. पुढे एका संध्याकाळी त्या नवऱ्याची वाट पाहत असता खुद्द जेआरडी सोबतीला थांबले. लेखाचा जीव या प्रसंगात आहे. मला मात्र नेमके तिथेच अडते. वाचक मालकाच्या सौजन्यावर विरघळतो आणि नियम विसरतो.

हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची त्यांनी सांगितलेली आठवण मला अधिक मोलाची वाटते: सगळी मुले, त्या एकट्या, आणि मुलींसाठी स्वच्छतागृहच नाही. इथे खलनायक नाही, उपकारकर्ताही नाही. इमारत बांधताना मुलगी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती, एवढेच. प्रेरणेची पुस्तके काढणारे हे एका ओळीत उरकतात.

आज राज्यात अभियांत्रिकीच्या तीस टक्के जागा मुलींना राखीव आहेत. वर्ध्याजवळच्या खेड्यातली माझी भाची यांत्रिकी शाखा घ्यायची म्हणते. तिला मी पोस्टकार्डाचा लेख वाचायला दिला. वाचून म्हणाली, “मामा, ते ठीक आहे. वर्कशॉप सुटल्यावर एसटी असते का?”