नकाशा खुला, पण पुरा कोण करणार?

मोटार चालवणाऱ्याला वाट दाखवणारी साधने आता फोनमध्ये आली आहेत. बहुतेकांचे आतले काम मात्र बंद पेटीत चालते. ‘ऑरगॅनिक मॅप्स’ ही आज्ञावली याला अपवाद आहे. ती फुकट आहे. पण आमच्या मते तिचे महत्त्व फुकटपणात नसून खुलेपणात आहे, आणि तिची उणीवही तिथेच सापडते.

आधी खुलेपणा पाहू. ‘मॅप्स.मी’ या आज्ञावलीचा स्रोत २०१५ साली सर्वांसाठी खुला झाला. २०२० साली तिची मालकी बदलली, तेव्हा मूळ निर्मात्यांपैकी काहींनी त्याच स्रोतावरून २०२१ साली ऑरगॅनिक मॅप्स उभी केली. पुढे तिच्याही कारभाराबद्दल मतभेद झाले आणि २०२५ साली काही स्वयंसेवकांनी ‘कोमॅप्स’ वेगळी काढली. मालक बदलले, भांडणे झाली, पण केलेले काम वाया गेले नाही. पाककृती सर्वांना ठाऊक असली की आचारी गेला म्हणून पंगत उठत नाही.

आता काम कसे चालते ते पाहू. फोन किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून आपले स्थान ठरवतो. तीन दिशांतले स्थान आणि फोनच्या घड्याळातील चूक अशा चार अज्ञात राशी असतात, म्हणून चार उपग्रह. मग चौक म्हणजे बिंदू आणि रस्ते म्हणजे रेषा मानून सर्वांत कमी वेळाची वाट शोधली जाते. डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली रीत आणि तिची १९६८ मधील सुधारित आवृत्ती या शोधाच्या मुळाशी आहेत. नकाशा एकदा उतरवून घेतला की हे सारे गणित इंटरनेटशिवाय फोनमध्येच होते. प्रवाशाच्या हालचालींची नोंद कुठे जात नाही. पण त्यामुळेच पुढच्या चौकातली कोंडीही कळत नाही. हा सौदा आम्हाला मान्य आहे, पण तो सौदा आहे हे विसरू नये.

खरी अडचण नकाशाची आहे. तो २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा, म्हणजे स्वयंसेवकांनी भरलेला. समजा, एका गावाला ६ किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. ताशी ४५ किलोमीटर वेगाने ८ मिनिटे लागतात. दुसरी ४ किलोमीटरची बैलगाडीची वाट आहे. ताशी १५ वेगाने १६ मिनिटे. पण कोणी ती वाट साधा रस्ता म्हणून नोंदवली आणि आज्ञावलीने ताशी ४० वेग धरला, तर उत्तर येईल ६ मिनिटे, आणि मोटार शेतात शिरेल. गणित अचूक, उत्तर चूक!

इथे आमची तक्रार आहे. ऑरगॅनिक मॅप्समधून दवाखाना, दुकान अशी ठिकाणे भरता येतात. चुकलेला रस्ता दुरुस्त करायला मात्र ओपनस्ट्रीटमॅपवरच जावे लागते. ज्या चुकीचा चालकाला सर्वाधिक त्रास, तीच सुधारण्याची वाट सर्वांत लांब.

तरीही ही वाट बंद नाही. आपल्या शाळेभोवतीचे रस्ते विद्यार्थ्यांनी पायी तपासावेत, कच्चा कोणता, पक्का कोणता हे वहीत टिपावे, गावाचे नाव मराठीत आहे का ते पाहावे आणि शिक्षकांच्या मदतीने नोंद करावी. भूगोल आणि गणित दोन्ही एका फेरीत होतील. खुला नकाशा आपला आहे असे म्हणायचे, तर त्यातल्या चुकाही आपल्याच मानल्या पाहिजेत.