कलावंताची हकीकत आणि कलेचा तपशील

गायक-वादकांची चरित्रे लिहिण्याची परंपरा मराठीत जुनी आणि सन्मान्य असली, तरी तिच्यात कोणाच्या वाट्याला कलेचे विवेचन आले आणि कोणाच्या वाट्याला केवळ हालअपेष्टांची हकीकत आली, हे एकदा शांतपणे तपासून पाहिले, तर ही वाटणी गुणांवर झालेली नसून ती कलावंताच्या जन्माबरोबरच ठरून गेलेली होती, असे खेदाने म्हणावे लागते.

गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ 1939 साली प्रसिद्ध झाले. टेंबे स्वतः हार्मोनियमवर भास्करबुवा बखल्यांची साथ केलेले असल्यामुळे, बुवांविषयी किंवा अल्लादियाखाँसाहेबांविषयी लिहिताना त्यांची लेखणी कितीही प्रसंगांत रमली, तरी ती अखेर गाण्यापाशी येऊन थांबते. प्रो. बी. आर. देवधरांच्या ‘थोर संगीतकार’मध्येही स्वभावचित्रे विपुल आहेत, पण तालीम कोणाची, आवाजाचा लगाव कसा, अमुक राग कोणत्या वाटेने मांडला जाई, हा तपशील त्या चित्रांना आधार देतो. वामनराव देशपांड्यांच्या ‘घरंदाज गायकी’ने तर गायनशैलीच्या चिकित्सेलाच ग्रंथाची प्रतिष्ठा दिली.

आता पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडे, जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांकडे वळावे. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या रावट्या उभ्या राहतात, आणि आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसाठी गावोगावचे कारभारी येऊन खेळाची सुपारी ठरवितात व इसार देऊन जातात. या भागातील निरगुडसरसारख्या गावच्या माणसांना तमाशा हा ग्रंथालयातील विषय नव्हे. तो वर्षाच्या वहिवाटीचा भाग आहे. रावटीत बसलेला कारभारी विचारतो ते नेमके असते: यंदा वग कोणता, गाणारी कोण, ढोलकीवर कोण, सोंगाड्या कसा? कलावंताचा परिचय लिहिणाऱ्या सुशिक्षित लेखकाच्या लेखणीतून मात्र हेच प्रश्न निसटतात, ही मला या लेखनप्रकाराची सर्वांत मोठी उणीव वाटते.

विठाबाईंचेच उदाहरण घ्यावे. 1935 साली पंढरपुरात जन्मलेल्या आणि 2002 च्या जानेवारीत निवर्तलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या घरी तमाशा पिढीजात होता. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड नामांकित होता, आणि लावणी, गवळण, भेदिक हे सारे विठाबाईंच्या कानांवर लहानपणापासून पडत होते. त्यांच्याविषयी लिहिलेला कोणताही लेख उघडावा, तर एक प्रसंग हमखास भेटतो: खेळ चालू असताना प्रसूतीच्या वेणा सुरू झाल्या, पडद्यामागे मूल जन्मले, दगडाने नाळ तोडली आणि बाई पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्या प्रसंगातील धैर्यापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. परंतु परत येऊन त्या उभ्या राहिल्या त्या कशासाठी? गाण्यासाठी, नाचण्यासाठी, वगातील आपली भूमिका पुरी करण्यासाठी. ते गाणे, तो पदन्यास आणि ती भूमिका यांविषयी लेखणी मौन पाळते, आणि उत्तरायुष्यातील दारिद्र्याचे वर्णन करून लेख संपतो. अशा लेखनाने वाचकाचे डोळे पाणावतात, पण त्याच्या कानांपर्यंत काहीच पोचत नाही. आणि जिने आयुष्यभर लोकांच्या कानांवर व डोळ्यांवर राज्य केले, तिच्या बाबतीत हा अन्याय लहान नव्हे.

योगीराज बागूल यांनी ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ लिहून हे चरित्र ग्रंथरूपाने मराठी वाचकांसमोर ठेवले, याचे ऋण मानलेच पाहिजे. त्यापूर्वी 1970 साली हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ने कलावंत स्त्रीची कैफियत तिच्याच तोंडून ऐकण्याची सवय मराठी वाचकाला लावली होती. ही पुस्तके आयुष्याची दफ्तरे आहेत. त्यांच्या शेजारी कलेचे दफ्तर उभे राहावे, एवढीच माझी मागणी आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग यांपैकी कलावंताचे खरे बळ कशात होते, लावणीतील शब्द अदेने उलगडण्याची त्याची रीत कोणती, ढोलकीशी सवालजवाब कसा रंगे, मागे झील धरणाऱ्या सुरत्यांचा आधार तो किती घेई, उघड्या माळावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा फेकी: हे सारे घराण्याच्या गायकीइतकेच चिकित्सेस पात्र आहे.

कलावंताने स्वतः लिहिलेल्या किंवा लिहवून घेतलेल्या छोट्या परिचयाची स्थितीही समाधानकारक नाही. सम्राज्ञी, महर्षी, शिरोमणी अशा बिरुदांची गर्दी होते, आणि गुरूचे नाव मात्र एका ओळीत उरकले जाते. त्यापेक्षा फडाची पाटी अधिक प्रामाणिक. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावात पिता, जात आणि गाव ही तिन्ही निःसंकोचपणे नांदतात, आणि वाचणाऱ्यास परंपरेचा पत्ता लागतो.

2006 पासून महाराष्ट्र शासन विठाबाईंच्या नावाने तमाशा कलावंतास जीवनगौरव पुरस्कार देत आले आहे. त्या प्रसंगी छापावयाच्या परिचयात पुरस्कारांची यादी थोडी आखडती घेऊन, त्या कलावंताचे पहिले उभे राहणे कोणत्या फडात झाले, कोणत्या वगात कोणती भूमिका गाजली, शिकविले कोणी आणि ढोलकीवर कोण होते, एवढ्या चार गोष्टी त्याच्याच तोंडून उतरवून घ्याव्यात. आणि तसे करताना त्याच्या जुन्या साथीदारांनाही समोर बसवावे, कारण कित्येक गाण्यांच्या चाली आता केवळ त्यांच्याच स्मरणात आहेत.