अडीच ओळींचे झाकण

मराठीत कवितासंग्रहांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, आत्मचरित्रांची तर प्रकाशनसमारंभाच्या आधीच येतात. पण जो ग्रंथ हाती पडायला माणसाला काही लाख रुपये मोजावे लागतात, त्याचे परीक्षण कोणी करीत नाही. मी मोटारीबरोबर फुकट मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेबद्दल बोलतो आहे.

परीक्षणासाठी मी आमच्या मेहुण्यांची प्रत घेतली. गाडी सात वर्षांची, पण प्रत कोरी करकरीत. पाने तीनशेच्या वर, बांधणी बरी, भाषा इंग्रजी; मराठीचे एक अक्षर शपथेला नाही. पहिल्याच पानावर वाचकाचे अभिनंदन केले आहे. आपल्याकडे हा मान सहसा लेखक स्वतःकडेच ठेवतात, म्हणून मला जरा भरून आले. पुढे मात्र इशारेच इशारे. पानोपानी त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह. इतकी उद्गारचिन्हे रहस्यकथेतसुद्धा खपत नाहीत.

फोन गाडीशी कसा जोडावा यावर चौदा पाने आहेत. इंजिनात तेल ओतायच्या तोंडावरचे जे झाकण, त्यावर अडीच ओळी. आशय असा: झाकण काढावे, तेल ओतावे, झाकण घट्ट लावावे, शंका आल्यास अधिकृत केंद्रात जावे. संक्षेप हा गुण खरा. पण रामायण लिहायला बसून सेतू अडीच ओळींत उरकला, तर समीक्षकाने काय म्हणावे?

त्यापेक्षा झाकणावरचे वाङ्मय जास्त सकस आहे. त्यावर तोटीचे भांडे आणि तोटीतून पडणारा एक थेंब कोरलेला असतो. आमच्या सौ.ना तो अल्लादिनचा दिवा वाटतो. ही तेलाची खूण देशोदेशींच्या गाड्यांवर जवळपास सारखीच असते. आयएसओ 2575 या मानकाने अशा खुणा ठरवून दिल्या आहेत. पुष्कळ झाकणांवर 5डब्ल्यू-30 असे काहीतरी लिहिलेलेही असते. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. मागचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. एवढ्याशा जागेत दोन ऋतू!

या अडीच ओळींची किंमत मेहुण्यांनी 2019च्या पावसाळ्यात मोजली. एका गॅरेजात तेल बदलून घेतले आणि बायकामुलांसह निघाले. कात्रजच्या जुन्या घाटात बॉनेटमधून धूर. मागच्या सीटवर सासूबाई रामरक्षा म्हणू लागल्या आणि मेहुणे भर पावसात पुस्तिका चाळू लागले. धुराखाली त्यांना सापडले सिगारेट लायटरचे सॉकेट. तेवढ्यात एक टेंपोवाला थांबला. गाडी बंद करायला लावून, जरा वेळ जाऊ देऊन त्याने बॉनेट उघडले, आत पाहिले आणि विचारले, "काका, झाकण कुठंय?"

तीनशे पानांत न आलेला प्रश्न हाच. इंजिनाच्या डोक्यावर फिरणारे भाग तेल उडवत असतात. झाकण नसले की ते तेल बाहेर येते, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडते आणि धूर होतो. नशीब वाईट असेल तर जाळही. झाकण बॅटरीशेजारच्या खाचेत पडलेले होते. विसरलेली झाकणे बरेचदा तिथेच कुठेतरी सापडतात, असे टेंपोवाला म्हणाला. परिशिष्टात छापण्याजोगे वाक्य.

झाकणाच्या आतल्या बाजूबद्दल तर ग्रंथकाराने मौनच पाळले आहे. झाकण उलटे करून पाहा. पेठेतून मंडईपर्यंतच गाडी फिरवणाऱ्यांना तिथे कधी कधी लोण्यासारखा पांढरट चिकटा दिसतो. इंजिन पुरते तापतच नाही, मग आतली वाफ तेलात कालवली जाते. एकदा लांबची चक्कर मारली की बहुधा जातो. पण तेलाची पट्टीही दुधाळ दिसत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गास्केटमधून पाणी तेलात शिरल्याची शक्यता फार. मग गाडी चालू करू नये, ओढून न्यावी. खरे उद्गारचिन्ह इथे हवे होते. इथे ते नाही.

मौखिक परंपराही निर्दोष नाही, हे सांगितलेच पाहिजे. जुनी गाडी घेताना जाणकार लोक इंजिन चालू ठेवून झाकण तोंडावर उलटे ठेवतात. नाचले की इंजिन गेले! ही समीक्षा उथळ आहे. आत पिस्टन वरखाली होतात, हवेचे धक्के बसतात, थोडे नाचणे चांगल्या इंजिनातही होते. उलट नव्या पेट्रोल गाड्यांत चालू इंजिनाचे झाकण काढले की बाहेरची हवा आत जाऊन ते अडखळते; त्यातही घाबरण्यासारखे नाही. झीज खरोखर मोजायची तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे.

जुन्या पुस्तिका वाचकाला शहाणा समजत. व्हॉल्व्हची फट किती ठेवावी इथपर्यंत सांगत. आताची पुस्तिका आपल्याला सीटवर बसण्यापुरते लायक धरते, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

म्हणून मराठीत एक पान मी मेहुण्यांना लिहून दिले. गाडी सपाटीवर, इंजिन बंद आणि निवलेले. झाकणाभोवतीचा कचरा आधी पुसा, नाहीतर तो आत जातो. झाकणाची रबरी कडी नखाने दाबा. कडक, चपटी किंवा चिरलेली असेल तर भोवती तेल पाझरणारच. काही झाकणांची कडी सुटी मिळते, नाहीतर त्याच मॉडेलचे अख्खे झाकण घ्या. दुसऱ्या गाडीचे "बसतंय की" म्हणून बसवू नका. हाताने फिरवून थांबेपर्यंत लावा, पक्कड नको. तेल किती आहे हे पट्टीवर पाहा, भोकात डोकावून नव्हे.

मेहुण्यांनी पान वाचले, चष्मा पुसला आणि विचारले, "पण तेल ओतताना झाकण ठेवायचं कुठे?"

"खिशात," सौ. आतून म्हणाल्या. दुसऱ्या आवृत्तीत ते घातले आहे.