दात, जीभ आणि ताटी

मुक्ताबाईंचे ‘ताटीचे अभंग’ बहुधा क्षमेचा उपदेश म्हणून वाचले जातात. मला ते उपदेश वाटत नाहीत. उपदेश करणाऱ्याला स्वतःला काही सोसावे लागलेले नसते. इथे बोलणारी बहीण भावाच्या अपमानात बरोबरीची वाटेकरी आहे. आख्यायिका सर्वपरिचित आहे. ज्ञानेश्वरांना कोणी टाकून बोलले, ते झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकटी मुक्ता बाहेरून विनवू लागली. संन्याशाची पोरे म्हणून चौघांनाही वाळीत टाकलेले, आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले. त्यामुळे ‘राग सोड’ असे सांगण्याचा अधिकार जगात कोणाला असेल, तर तो या मुलीलाच.

या अभंगांची आज मिळते ती भाषा ज्ञानेश्वरीइतकी जुनी वाटत नाही. कर्तृत्वाचा वाद त्यामुळे उभा राहतो, पण माझ्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. रचना कोणाचीही असो, ती मुक्ताबाईंच्या तोंडी घालावीशी वाटली, यातच तिचे मर्म आहे.

अभंगांमधला एक दाखला मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपलीच जीभ आपल्या दातांखाली आली म्हणून कोणी बत्तिशी पाडून घेत नाही, अशा अर्थाचा. वरवर पाहता हा घरगुती समजूतदारपणा आहे. पण बारकाईने वाचले तर त्यात एक ठाम दावाही आहे. दात आणि जीभ एकाच तोंडात असतात. ज्यांनी या भावंडांना समाजाबाहेर ठेवले, त्यांना मुक्ताबाई न विचारताच आपल्या देहात घेतात. त्या शुद्धिपत्र मागत नाहीत. वाळीत टाकणेच त्यांनी मोडीत काढले आहे. शिवाय निंदकांचे बरोबर होते, असे त्या कुठेही म्हणत नाहीत. क्षमा म्हणजे चूक झालीच नाही असे मानणे, हा आपला नेहमीचा गोंधळ या अभंगांत नाही.

मात्र हा दाखला सगळीकडे चालत नाही, आणि आपली समीक्षा इथे सहसा गप्प बसते. ज्ञानेश्वरांची ताटी आतून लावलेली होती. चोखोबांपुढचे पंढरपूरचे दार बाहेरच्यांसाठी बंद होते आणि ते उघडणे त्यांच्या हातात नव्हते. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा आपल्या अभंगांतून देवालाच जाब विचारतो: असा जन्म का दिलास, उष्टे का खायला लावलेस? त्याच्या आवाजात क्षमा नाही. ती का असावी? जिभेला तोंडातच जागा नाकारली असेल, तर तिने दातांना सांभाळून घ्यावे असे कोणत्या तोंडाने सांगायचे? वारकरी परंपरेने मुक्ताबाईंच्या विनवणीबरोबर कर्ममेळ्याची तक्रारही जपून ठेवली, हे मला तिचे मोठेपण वाटते. आपण मात्र पाठ्यपुस्तकांसाठी पहिलीच उचलतो.

साने गुरुजींना हा फरक नेमका कळला होता. ‘श्यामची आई’मुळे त्यांच्यावर हळवेपणाचा शिक्का बसला, पण १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला त्यांनी उपोषण केले ते मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. दाराबाहेर ठेवलेल्यांना त्यांनी सहनशीलता शिकवली नाही. विनवणी होती ती दार धरून बसलेल्यांना, आणि तीही स्वतःचा जीव पणाला लावून. करुणेची मुक्ताबाईंनंतरची पायरी ती मला इथे दिसते.

मूळ अभंगांत आणखी एक गोष्ट आहे. मुक्ताबाई भावाला दादा म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात. पण क्रियापद आदरार्थी ठेवतात. प्रत्येक अभंग त्याच एका विनवणीवर येऊन थांबतो. कीर्तनकार पुढे ताटी उघडल्याचे रंगवून सांगतात. अभंगांत ज्ञानेश्वरांचे उत्तर नाही.