पात्रशक्तींचा समतोल : गणित आणि औचित्य

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने कथा घडविण्याचा अधिकार मेजाभोवती बसलेल्या मंडळींत वाटून दिला. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, सूत्रधार त्या पात्रांभोवतीचे जग उभे करतो, आणि ज्या कृतीचे फलित अनिश्चित असते तिचा निर्णय फाशावर सोपविला जातो. छापील नियमांत स्वतःची भर घालण्याची प्रथा या खेळाइतकीच जुनी आहे. अशा स्वरचित पात्रशक्तींची चर्चा करताना 'समतोल' हा शब्द सर्रास योजिला जातो. परंतु हा समतोल नेमका कोणाकोणांत साधावयाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

रूढ समजूत अशी की, नव्या शक्तीचे संख्यात्मक बळ जुन्या शक्तींइतके भरले म्हणजे समतोल साधला. ही समजूत सर्वस्वी चुकीची नव्हे, पण अपुरी आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील एक नियम उदाहरणादाखल घेता येईल. परिस्थिती अनुकूल असता वीस पृष्ठांचा फासा दोनदा टाकावयाचा व मोठा अंक स्वीकारावयाचा, असा तो नियम. यशासाठी ११ किंवा अधिक अंक हवा असेल, तर यशाची शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते. २० च हवा असेल, तर ५ टक्क्यांवरून केवळ ९.७५ वर. म्हणजे 'या पात्रास सदैव अनुकूलता लाभते' अशी शक्ती रचणाऱ्याने तिला एकच एक मोल लावणे व्यर्थ होय. ते मोल समोरच्या प्रसंगावर ठरते.

ते धारण करणाऱ्यावरही ठरते. योद्ध्याच्या हाती हीच शक्ती म्हणजे केवळ नेमकेपणा. चोरट्याचा गुप्त प्रहार मात्र अनुकूलता असताना, किंवा सहकारी शत्रूला भिडलेला असतानाच लागू पडतो. पाचव्या पातळीवर तो तीन षट्पृष्ठी फाशांचा, म्हणजे सरासरी १०.५ अंकांचा असतो. चोरट्यास सदैव अनुकूलता दिली की ही अट निरर्थक ठरते. लपण्याची, संधी शोधण्याची, सोबत्याची वाट पाहण्याची त्यास गरजच उरत नाही. त्याचे बळ वाढते आणि व्यक्तित्व मात्र पुसट होते.

काळाचे बंधनही असेच फसवे आहे. 'आठ तासांच्या विश्रांतीनंतर एकदाच' ही अट कागदावर कठोर दिसते. परंतु सूत्रधारासाठी असलेल्या २०१४ च्या ग्रंथात दिवसाकाठी सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरल्या आहेत. ज्या मेजावर दिवसाला एकच चकमक होते, तेथे ही अट बंधन उरतच नाही.

याहून मूलगामी प्रश्न १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने उभा केला. तीत चोरट्याचा स्वतंत्र वर्ग प्रथमच छापील नियमांत आला. पुढे १९८१ च्या प्राथमिक नियमांत पहिल्या पातळीच्या चोरट्यास नीरव चालण्याची २० टक्के, सावलीत लपण्याची १०, तर कडा चढण्याची ८७ टक्के शक्यता दिलेली आढळते. त्याचा प्राणांक चौपृष्ठी फाशाने ठरतो. मोबदल्यादाखल तो १,२०० अनुभवांकांतच दुसरी पातळी गाठतो, योद्ध्यास मात्र २,००० लागतात. हिशेब चोख आहे. तरीही हानी झाली, आणि ती हिशेबाबाहेर. तोवर कोणतेही पात्र पायताण काढून दबकत चालू शकत असे. त्याचे फलित सूत्रधार परिस्थिती पाहून ठरवी. कोष्टक छापले जाताच इतरांना हे जमणारच नाही, असा समज बळावला. एकास दिलेले कौशल्य इतरांकडून नकळत काढून घेतले गेले.

यावर असा आक्षेप संभवतो की, हा सहकार्याचा खेळ आहे. एक पात्र वरचढ ठरल्यास सर्वांचाच लाभ, आणि अतिरेक झालाच तर सूत्रधार समर्थ आहे. पण एका अजिंक्य पात्रास आव्हान द्यावयाचे, तर शत्रूही तितकेच प्रबळ करावे लागतात, आणि त्यांच्या घावाखाली प्रथम कोसळतात ती दुबळी पात्रे. उलट शत्रू सौम्य ठेवले, तर उरलेल्या मंडळींना प्रेक्षक होऊन बसावे लागते. दोन्ही वाटांनी सामायिक कथा एकाच्या मालकीची होते.

म्हणून समतोल हा बलांचा नसून वाट्यांचा आहे. गणिताने शक्तीची मर्यादा जोखता येते. तिचे औचित्य जोखण्यास दुसरी कसोटी लागते. नवी शक्ती पात्रास काय देते, याबरोबरच ती शेजारच्या खेळाडूच्या हातून काय काढून घेते, हे रचनाकाराने पाहिले पाहिजे. जी शक्ती इतरांनाही काही करण्यास जागा ठेवते, तीच समतोल म्हणविण्यास पात्र होय.